ज्याचे हात पंख्यात, प्लग त्याच्या खिशात

३ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वादाने सुरुवात करायला हात धजत नाही, म्हणून नुसती हाक मारून बसले आहे. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला लिहिली नाहीस, तेव्हा तेवढ्यापुरती आपली बरोबरी. पत्ता अप्पांच्या कार्डावरून घेतला. वर्षातून एकदा तू त्यांना जे कार्ड पाठवतोस त्यात बंदरावरची हवा आणि पंपांची दुरुस्ती याखेरीज काही नसतं. माझ्याबद्दल त्यात कधी एक अक्षरही नसतं, हे मी दरवेळी बघते.

बातमी द्यायची होती. आपलं विमान उडालं. "आपलं" म्हटलेलं तुला झोंबेल, पण पहिली मोटर बेंचवर चढली तेव्हा तिचे बोल्ट तूच आवळले होतेस. मंगळवारी सकाळी, नऊ खुर्च्यांवर नऊ वाळूची पोती बांधून, ते धावपट्टीवरून उचललं गेलं. चढताना टर्बाइन आणि बॅटरी दोघांनी जोर लावला. वर पोचल्यावर बॅटरीने अंग काढून घेतलं आणि टर्बाइन एकटंच, जेमतेम निम्म्या ताकदीने, खेचत राहिलं. उतरताना तर टर्बाइन बंद करून नुसत्या मोटरवर आणलं. आवाज म्हणशील, तर कुंपणाबाहेरच्या कुत्र्याने मानसुद्धा वर केली नाही, आणि ते कुत्रं एरवी सायकलवरही भुंकतं. मोठे साहेब आनंद झाला की अजूनही चष्मा पुसत बसतात. पुसता पुसता म्हणाले, दहा वर्षांत लहान धावपट्ट्यांवर दुसरं काही दिसणार नाही. निम्मं इंधन, आजूबाजूच्या वस्तीला त्रास नाही, आडगावातला रोगी पाऊण तासात इस्पितळात. मला ते पटतं. याच्यावरच तर माझी उमेदीची वर्षं गेली.

अप्पा बरे आहेत. ब्याऐंशी पुरी झाली. कान इंजिनांनी आधीच खाल्ले होते, आता शेजारी हातोडा आपटला तरी "काय?" म्हणतात. रोज विचारतात, "बारक्याचं काही?" मी हातानेच नाही म्हणते.

आणखी एक. मेकॅनिक लोकांसाठी पुस्तक तयार होतंय, त्यातला विमानाच्या पंख्याजवळच्या कामाचा धडा माझ्याकडे आलाय. उदाहरणादाखल एक अपघात घालायचा असा वरून हुकूम आहे. मी लिहिलं: "एका मेकॅनिकने प्लग न काढता पंख्यात हात घातला आणि तीन बोटं गमावली." तुझा उल्लेख कुठे केलेला नाही. तेवढी काळजी घेतली आहे.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन गेला की मी दाराशी जाऊन येते.

धडा लिहून झाला. प्लगचं वर्णन लिहून लिहून पाठ झालंय: नारिंगी, मुठीएवढा, वर धरायला कडी. तो उपसला की बॅटरी आणि मोटर यांचा संबंध तुटतो, मग पंखा म्हणजे नुसतं लोखंड. ज्याचे हात पंख्यात, प्लग त्याच्या खिशात. हे वाक्य आपल्याकडे कुणी बनवलं आठवत नाही, पण पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी होतं. टर्बाइनवर आपण वीस वर्षं काढली. तिथे शिट्टी थांबली की माणूस निर्धास्त. मोटरचं तसं नाही. थांबलेली असो की निघायच्या बेतात असो, ती सारखीच गप्प. अप्पा आपल्याला लहानपणी दटावायचे ना, "थांबलेला पंखा झोपलाय समजा, मेलाय समजू नका"? आपण हसायचो. म्हातारा जुन्या इंजिनांत अडकलाय म्हणायचो.

सोमवारी एक गोष्ट घडली. हँगरमधले सगळे अजून तिच्यावर हसताहेत.

रंगारी पात्यांच्या टोकांना पिवळा पट्टा मारत होता. प्लग त्याने नियमाने खिशात ठेवला होता, पण जेवायच्या सुट्टीला हात धुवायला गेला तेव्हा ट्रॉलीवर काढून ठेवला. वायरमनने तो ट्रॉलीवर पाहिला, कुणीतरी विसरलं असेल म्हणून जागेवर बसवला. तेवढ्यात रंगारी परत आला आणि खाली पडलेला ब्रश उचलायला वाकला. पातं पाव फेरी फिरलं. त्याच्या डोक्यावरून, वीतभर अंतराने. रंगाचा डबा उडाला आणि वायरमन नखशिखांत पिवळा झाला. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. रंगारी स्वतःही हसला.

मोटर जिथून चालवतो त्या काचेच्या खोलीत मी होते, दोन्ही हात चहाच्या कपाभोवती. समोरची एकही कळ मी दाबलेली नव्हती. कुणी काही न दाबता, नुसता प्लग बसवल्यावर ते पातं हललं. आणि बारक्या, असं हलताना मी त्याला आधी एकदा पाहिलं आहे.

आज एवढंच.

ताई

२ मार्च

बारक्या,

मोठ्या साहेबांकडे गेले होते. रंगाऱ्याचा प्रकार सांगितला.

"वारा असेल हो," ते म्हणाले. "दार सताड उघडं होतं."

"वाऱ्याने पातं फिरेल साहेब, पण पाव फेरीवर गचकन थांबणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मग हळू म्हणाले, "चार वर्षांपूर्वीच्या अहवालात काय आहे? मेकॅनिकने प्लग काढला नव्हता, आणि तुम्ही ठरलेल्या वेळी कळ दाबलीत म्हणून मोटर फिरली. जबाब तुमचाच आहे. आता ती आपोआप फिरते म्हणायचं, तर त्या जबाबाचं काय करायचं?"

मी जायला वळले.

"उड्डाणाच्या परवान्याला सहा आठवडे उरलेत. ऐंशी माणसांचं काम आहे. विचार करून या," म्हणाले. वाईट माणूस नाहीत ते. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं, बाहेर जायचं की आत यायचं ते माझ्यावर सोडून. मी बाहेर आले.

चार विमानं तयार उभी आहेत. ती चार लहान विमानतळांवर जातील. तिथले मेकॅनिक माझा धडा वाचतील आणि शिकतील, की प्लग काढला की झालं. परत बसवताना काय होतं, ते त्यात कुठेच नाही. कारण ते फक्त मला ठाऊक आहे आणि तुला.

मी भित्री आहे. हे लिहायला बसले तेव्हा दुसरंच काही लिहिणार होते.

ताई

९ मार्च

बारक्या,

आता आडवळणं पुरे.

तू प्लग काढला होतास. तुझ्या डांगरीचा खिसा उसवलेला होता. आदल्या आठवड्यात मी "आण, शिवून देते" म्हणाले होते आणि दिला नव्हता. म्हणून तू काचेच्या खोलीपाशी आलास, खिडकीतून प्लग माझ्या हातात दिलास, "ठेव ग" म्हणालास आणि गेलास. अकरा वाजता मोठ्या साहेबांचा फोन आला, पाहुणे अर्धा तास आधी येताहेत, बॅटरी किती भरली आहे ते सांगा. तो आकडा प्लग बसवल्याशिवाय दिसत नाही. मी प्लग घेऊन हँगरमध्ये आले. तू विमानाच्या नाकापलीकडे होतास, मला दिसत नव्हतास. मी थांबले आणि कान दिला. तू जन्मात कधी न गुणगुणता एक बोल्ट आवळला नाहीस, शाळेत पेन्सिलीला टोक करतानासुद्धा मार खाल्ला आहेस त्यापायी. गुणगुणणं ऐकू आलं नाही. मी म्हटलं, गेला असेल खायला. हाक मारली नाही. एका हाकेचं काम होतं. मी प्लग बसवला.

पातं पाव फेरी फिरलं. काहीच आवाज झाला नाही. तू ओरडलाही नाहीस. "ताई, प्लग," एवढंच म्हणालास.

आणि तू गुणगुणत का नव्हतास? कारण सकाळी मीच तुला सगळ्यांदेखत झापलं होतं, "आज पाहुणे आहेत, तुझं ते रडगाणं बंद ठेव, लाज आणतोस." तू माझं ऐकलंस. चार तासांत मी स्वतःचंच बोलणं विसरले.

चौकशीत मी सांगितलं, प्लग जागेवरच होता, मी नेहमीची कळ दाबली. नोंद करणारं यंत्र त्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला दुसऱ्या टेबलावर हलवलं होतं, त्यामुळे माझ्या शब्दाला आडवं येणारं काही नव्हतं. तुझ्याखेरीज. तू इस्पितळातल्या खाटेवरून त्यांना खरं ते सांगितलंस. ते म्हणाले, औषधाची गुंगी आहे. मी उशाशी बसले होते. मी मान हलवली आणि "बिचारा" म्हणाले. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि तोंड भिंतीकडे वळवलंस. तुझा मेकॅनिकचा परवाना गेला तो तिथे गेला, अहवाल नंतर आला.

प्रकल्प वाचावा म्हणून केलं, असं चार वर्षं मनाला समजावत आले. साफ खोटं. मी मोटरकडे पाहत नव्हते, माझ्या खुर्चीकडे पाहत होते. बायकांना या कामात कोण खुर्ची देतं, मिळाली ती सोडायची कशी, हेच डोक्यात होतं. प्रकल्प मी नंतर त्यावर पांघरला.

काल अप्पांना सांगितलं. दुपारची वेळ, खिडक्या उघड्या, ते पेपर वाचत होते. असलं काही माणूस कानात सांगतं. अप्पांना कानात काय सांगणार? मी मोठ्याने म्हटलं, "अप्पा, प्लग मी बसवला होता."

"काय?"

"प्लग! मी बसवला!"

"काय?"

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईचे हात थांबले. मी कंठ फाटेस्तोवर ओरडले, "बारक्याने प्लग काढला होता! मी परत घातला! मी खोटं बोलले!"

अप्पांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, "पहिल्याच वेळी तुझ्या ओठांवरून कळलं होतं. म्हटलं, इथे तीनदा ओरडलीस तर उद्या तिथे एकदा बोलता येईल."

मग उठून आत गेले. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत आणि जेवलेही नाहीत.

उद्या जाते साहेबांकडे. हे पत्र आधी टाकते, म्हणजे मागे फिरायला जागा राहणार नाही. मला मी पक्की ओळखते.

ताई

३० मार्च

बारक्या,

दिलं लिहून. दोन पानं झाली. साहेबांनी वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "बसा." नेहमी उभ्यानेच बोलायचं असतं त्यांच्याशी. मी बसले तर मला रडूच कोसळलं, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून बेंचवर प्लग काढणं-घालणं सुरू झालं. चाळीस वेळा केलं. सदतीस वेळा पातं ढिम्म. तीन वेळा हललं, पाव फेरी, आपण पाहिलं तसंच. कारण सापडलं आहे. बॅटरी गार असली आणि प्लग जरा तिरका बसला, तर मोटर चालवणाऱ्या यंत्राला पंखा कुठल्या जागी थांबलाय तेच कळेनासं होतं, आणि ते चाचपून बघायला त्याला थोडा फिरवतं. आंधळ्या माणसाने हात पुढे करावा तसं. त्या हाताच्या वाटेत तुझा हात होता. चार वर्षांपूर्वी मी खरं बोलले असते तर हे चार दिवसांत सापडलं असतं.

परवाना थांबला. निदान वर्ष तरी जाईल म्हणतात. चारही विमानांवर आच्छादनं चढली. जेवणाच्या टेबलावर मी गेले की गप्पा थांबायच्या. त्यांचं बरोबर आहे, इतक्या जणांच्या तोंडचा घास मी दोनदा काढला, एकदा खोटं बोलून आणि एकदा खरं बोलून. रंगारी तेवढा येऊन शेजारी बसला. म्हणाला, "ताई, मी वाकलो नसतो तर?" मी म्हटलं, "खा गुमान." परवापासून मला घरी बसवलंय.

पुस्तकातलं ते एका मेकॅनिकचं वाक्य मी स्वतःच्या हाताने खोडलं, आणि त्या जागी काय घडलं ते लिहून दिलं. त्यात "सुपरवायझर" असं आहे. माझा उल्लेख टाळलेला नाही, खाली सही आहे.

हे विमान उशिरा उडेल, पण उडेलच, असं मला अजूनही वाटतं. टर्बाइनने सगळं एकट्याने खेचायचे दिवस संपत आलेत, ते आता कुणाच्या खोट्याने किंवा खऱ्याने थांबायचं नाही. फक्त त्यात मी नसेन.

बारा मेला फेरचौकशी आहे. तुला बोलावणं येईल. ये असं मी म्हणत नाही, तेवढं तोंड मला नाही. पण तुझा परवाना त्यावर अवलंबून आहे, आणि दोन बोटांनी तू अजून कुठल्याही मेकॅनिकच्या नाकावर टिच्चून बोल्ट आवळशील हे अख्ख्या हँगरला ठाऊक आहे.

ताई

१३ मे

बारक्या,

काल तू आलास. केस पांढरे झालेत तुझे. मला वाटलं होतं, मी एकटीच म्हातारी झाले.

बाहेरच्या बाकावर तू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला आणि मध्ये अप्पा. मध्ये बसायला दोन्ही कानांनी बहिरा माणूस बरा, इकडचं तिकडे जात नाही. त्यांनी तुझा हात उचलून मांडीवर घेतला, उलटसुलट करून पाहिला, बोल्टवरून सुटलेला नट पाहतात तसा, आणि आत बोलावेपर्यंत सोडला नाही. मी समोरच्या भिंतीवरच्या सूचना वाचत होते. त्यातली एकही आता आठवत नाही.

आत तू सगळं जसं घडलं तसं सांगितलंस, चढवलं नाहीस आणि उतरवलंही नाहीस. मला सबंध वेळ "सुपरवायझरबाई" म्हणालास. सुपरवायझरबाईंना प्लग दिला. सुपरवायझरबाई खोलीत होत्या. मी म्हटलं, ठीक आहे, एवढंही पुष्कळ झालं.

मग अध्यक्षांनी तो प्रश्न विचारला. "नियम तुम्हाला तोंडपाठ होता. मग प्लग दुसऱ्याच्या हाती कसा दिलात?"

लेखनिकाने पेन उचललं.

"दुसऱ्याच्या कुठे दिला?" तू म्हणालास. "ताईच्या हातात दिला."

लेखनिकाने लिहून घेतलं आणि रीतीप्रमाणे वाचून दाखवलं, "प्लग सहकाऱ्याकडे दिला."

"सहकारी खोडा," तू म्हणालास. "ताई लिहा."

अध्यक्ष समजुतीने म्हणाले, "अहो, नात्याचा इथे काय संबंध?"

"तेवढाच संबंध होता साहेब. दुसरं कुणी असतं तर मी फाटक्या खिशात ठेवला असता."

त्यांनी खोडलं आणि लिहिलं. तू त्या शब्दावर बोट ठेवून खात्री करून घेतलीस आणि सही केलीस, डाव्या हाताने. तू डाव्या हाताने सही करायला शिकलास हे मला माहीतच नव्हतं.

तुझा परवाना परत मिळतोय, माझा रद्द झाला. दोन्ही योग्य झालं. तू अप्पांना धरून जिना उतरवलास, पायरी पायरी थांबून, आणि गाडीत बसवलंस. मी वर कठड्याशी उभी होते. तू वर पाहिलं नाहीस. मी हाक मारली नाही. या वेळी मारायची नव्हतीच.

आत परत गेले, तर माझी सही राहिली होती. लेखनिकाने तुझा जबाब पुढे ठेवला आणि तुझ्या शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं. तिथे छापलेलं होतं: "वरील मजकूर मान्य आहे काय?" मी त्यावरची तुझी ओळ वाचली, "प्लग ताईकडे दिला." मग पुन्हा वाचली. तो म्हणाला, "बाई, काही हरकत आहे का?"

मी "मान्य" लिहिलं आणि सही केली.